खूप छान लिहिलंय

ऑपरेटरबाई निवृत्त झाल्या तेव्हा मुलीने त्यांना स्वतःची वेबसाइट भेट दिली. म्हणजे काय दिलं, तर एक नाव आणि त्या नावामागची रिकामी जागा. प्लॉट घेऊन द्यायचा आणि विटा तुझ्या तू बघ म्हणायचं, तसला प्रकार. पण बाईंना तेवढ्यानेही भरून आलं.

त्यांचा जन्म गेला होता एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर. कोणाला वॉर्ड जोडून द्या, कोणाला डॉक्टर, कोणाला नुसता धीर. हजार लोकांचं ऐकून घेतलेली ही बाई घरी येऊन काही सांगायला लागली, की नवरा टीव्हीचा आवाज वाढवायचा आणि मुलगी "हो का?" म्हणत दुसऱ्या खोलीत जायची. तेव्हा आता सगळं लिहून काढायचं आणि निदान एका माणसाने ते शेवटपर्यंत वाचायचं, एवढीच बाईंची इच्छा होती. काही जगावेगळं मागत नव्हत्या त्या.

पण लिहायचं कशात? ब्लॉगसाठी कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं, हे विचारायची खोटी, घरात जो तो पंडित झाला.

"फुकटातलं घे," नवरा म्हणाला. "कोण वाचणार आहे नाहीतरी!"

"आई, दिसायला सुंदर असलं पाहिजे," मुलगी म्हणाली. "लोक आधी फोटो बघतात."

जावई कॉम्प्युटरमधला. त्याने एक भलतंच नाव सुचवलं. त्यात म्हणे बटणं नसतात, काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचे, की पान आपोआप तयार होतं. "एकदा शिकलात ना आई, की बाकीचं सगळं खेळणं वाटेल तुम्हाला."

घरचं झालं थोडं, त्यात व्याह्याने धाडलं घोडं! बाई मनात म्हणाल्या. जावयाला तोंडावर बोलता येत नाही, म्हणून त्यांनी फक्त विचारलं, "उद्या मला हे सॉफ्टवेअर सोडावंसं वाटलं, तर माझं लिहिलेलं सगळंच्या सगळं उचलून दुसरीकडे नेता येईल का?"

"असं कोणी विचारत नाही, आई."

"मी विचारतेय."

शेवटी त्यांचं त्यांनीच शोधलं. जागा ज्या कंपनीची होती, तिच्या पानावर चार सॉफ्टवेअरं मांडून ठेवलेली होती. एकेकाची माहिती त्यांनी चष्मा पुसून पुसून वाचली. एकाचं मराठी पान उघडायचं, लिहायची चौकट साध्या वहीसारखी होती, आणि सगळा मजकूर एका फाइलमध्ये बाहेर काढता येतो असं स्वच्छ लिहिलं होतं. बाईंनी बटण दाबलं. सॉफ्टवेअर त्यांच्या जागेत बसलं. त्याने विचारलं, कुठली सजावट हवी? त्यांनी निळी निवडली. त्याने विचारलं, नमुन्याचा मजकूर भरू का? भर बाबा, म्हणजे कुठे काय येतं ते कळेल, असं म्हणून त्यांनी हो केलं.

आणि मग त्यांनी पहिला लेख लिहिला. एक बाई रोज संध्याकाळी इस्पितळात फोन करायची आणि एवढंच विचारायची, "खिडकीजवळची खाट रिकामी आहे का?" "नाही" असं उत्तर मिळालं की निश्चिंत होऊन फोन ठेवून द्यायची. त्या बाईची गोष्ट. लिहिताना बाईंचा हात दोनदा थांबला, पण लेख पुरा झाला. त्यांनी 'जतन करा' दाबलं. 'जतन झाले' असं उमटलं. झालं तर! त्यांनी वेबसाइटचा पत्ता घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "माझं पहिलं लिखाण. वाचून खरं खरं सांगा."

चहा गाळून होईपर्यंत फोन टणटणायला लागला. "खूप छान लिहिलंय!" इति दीर. "अप्रतिम शैली," जावई. "आई, डोळ्यांत पाणी आलं गं," मुलगी. शेजारच्या खोलीत बसलेल्या नवऱ्याने उठून यायचे कष्ट न घेता अंगठा पाठवला. बाई हरखून गेल्या. उगाच आपण या माणसांना नावं ठेवत होतो, असंही त्यांना वाटून गेलं.

तेवढ्यात थोरल्या नणंदेचा फोन आला. थोरल्या वन्सं म्हणजे करवत. त्यांनी आजवर कोणाचं काही चांगलं म्हटल्याचं कोणी ऐकलं नव्हतं.

"अगं, हे काय लिहून ठेवलंयस?"

"का हो वन्सं? आवडलं नाही?"

"आवडायला कळायला नको? तीनदा वाचलं मी. भिंग घेऊन वाचलं. एक अक्षर आपल्या भाषेतलं नाही. आणि ती हातात कप घेऊन दात काढणारी पोरगी कोण?"

बाईंनी नवऱ्याचा फोन ओढून घेतला आणि पान उघडलं. निळ्या सजावटीत वर एक परकी तरुणी हसत बसली होती, आयत्या बिळावर नागोबा! तिच्याखाली परिच्छेदामागून परिच्छेद, कुठल्याच भाषेतला नसलेला, नुसती जागा भरायला ओतलेला मजकूर. खिडकीजवळच्या खाटेचा पत्ताच नाही. लेख आत मसुद्यात पडून होता, कारण बाईंनी 'जतन करा' दाबलं होतं, 'प्रकाशित करा' दाबायचं राहिलं होतं.

चूक त्यांची होती, कबूल. नवशिक्याची चूक. पण बाकीच्यांचं काय? बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जावयाला शैली कशात दिसली? मुलीच्या डोळ्यांत पाणी कशाने आलं, त्या कपाने? नवऱ्याने अंगठा कशाला दाखवला?

"अहो, काय वाचलंत तुम्ही?" त्यांनी त्याच्यासमोर उभं राहून विचारलं.

"वाचलं ना. चांगलंय."

"काय चांगलंय?"

"सगळंच," नवरा म्हणाला, आणि त्याचा हात सवयीने रिमोटकडे गेला.

बाईंनी रिमोट उचलून कपाटाच्या माथ्यावर ठेवला. वाचलं नसतं तर चाललं असतं. अख्खा जन्म त्याचीच सवय होती. पण न वाचता छान म्हणायचं? वाईट लिहिलंय म्हणाले असते तरी परवडलं असतं. त्यांनी ग्रुपवर चांगले चार शब्द सुनावायला घेतले, आणि अर्ध्यावरच पुसून टाकले. वाचणार कोण होतं ते तरी?

त्यांनी परक्या तरुणीला घराबाहेर काढलं, तो भाराभर मजकूर पुसला, स्वतःचा लेख प्रकाशित केला आणि पत्ता एकट्या वन्संना पाठवला. नंतर ग्रुपवर पाहिलं, तर कुठल्याशा लांबच्या भाच्याचं उशिरा आलेलं "खूप छान लिहिलंय" तिथे येऊन पडलं होतं.

बऱ्याच वेळाने वन्संचा फोन आला.

"वाचलं," त्या म्हणाल्या. "सुरुवात फार लांबवलीयस. तुझ्या त्या बोर्डाचं वर्णन कोणाला हवंय? आणि इस्पितळातल्या त्या मेट्रनला उगाच चांगलं म्हटलंयस, तू तर तिच्या नावाने खडे फोडायचीस."

"हो," बाई म्हणाल्या. "तेवढं खोटं लिहिलं."

"मग ते काढ. आणि शेवटी हात का आखडलास?" करवतीचा आवाज एकदम बसका झाला. "पुढचं कळेल म्हणून मी चष्मा काढून ठेवला नाहीये अजून. ती खाट रिकामी झाली त्या दिवशी तिचा फोन आला, तेव्हा तू काय सांगितलंस तिला?"

इतक्या वर्षांत हे बाईंना कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी खुर्ची ओढली, पाठ ताठ केली, बोर्डावर बसायच्या तशी.

"लाईनवर राहा हं, वन्सं," त्या म्हणाल्या. "सांगते."