न उघडलेलं पान

साप्ताहिकाच्या कचेरीत त्याला सगळे ‘सर्वज्ञ’ म्हणत, आणि या पठ्ठ्याला त्यातला टोमणा कधी कळला नाही. ‘बघाच एकदा’ या सदरात तो दर आठवड्याला पाच उपयोगी वेबसाइट सुचवायचा. गळका नळ घरच्या घरी कसा दुरुस्त करावा, तारे कसे ओळखावेत, जुने नकाशे कुठे पाहावेत, असं काहीबाही. खरं सांगायचं तर यातल्या निम्म्याही त्याने उघडल्या नव्हत्या. आधीचा सदरलेखक जाताना एक लांबलचक यादी ठेवून गेला होता. हा त्यातली पाच नावं उचलायचा आणि वरून आपल्या पदरचं तिखटमीठ लावायचा.

मंगळवारी दुपारी साठी उलटलेल्या एक बाई त्याच्या टेबलापाशी आल्या. हातात सदराचं कात्रण होतं.

“हे तुम्हीच लिहिता ना? माझं कुठं चुकतंय तेवढं दाखवा.”

“बसा, काकू. काय झालं?”

“आमच्या ह्यांचा जन्म गेला जंगलखात्यात. आता दोन वर्षं झाली, डोळे गेले. यात पक्ष्यांचे आवाज ऐकवणारी वेबसाइट आहे ना, म्हटलं ती लावून देऊ. आठ दिवस वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर खटपट करतेय, उघडतच नाही. हे म्हणतात, तुझ्या हातून नाही व्हायचं, सोड.”

त्याने ऐटीत पत्ता टाइप केला. पान उपलब्ध नाही. पुन्हा केला. तेच. जरा शोधल्यावर कळलं, वेबसाइट बंद पडून तीन वर्षं झाली होती. त्याचे कान तापले.

“अलीकडेच बंद पडली दिसतेय,” त्याने वेळ मारून नेली.

बाईंचा चेहरा उतरला. मग त्यांनी कात्रणावर बोट ठेवलं.

“पण तुम्ही लिहिलंय ना, ‘मी तर अख्खी संध्याकाळ ऐकत बसलो.’ मग तुम्हीच सांगा, कोणकोणते पक्षी ऐकलेत? नुसतं नाव घेतलं तरी त्यांना आवाज आठवतो.”

पिशवीतून पेन्सिल काढून त्यांनी कात्रणाच्या कोऱ्या कडेला नावं लिहायला ‘१’ असा आकडा घातला आणि त्याच्याकडे पाहिलं. कोकीळ, त्याच्या जिभेवर आलंच होतं. कोकीळ म्हणायला काय लागतं! पण समोर ती पेन्सिल टेकून राहिली होती. स्वतःची इतकी लाज त्याला कधीच वाटली नव्हती.

“काकू, मी काहीच ऐकलं नाही. ती वेबसाइट मी उघडलीच नव्हती. न बघताच लिहिलं.”

त्या चार शिव्या देतील तर बरं, असं त्याला वाटलं. त्या हळूच म्हणाल्या, “म्हणजे माझं काहीच चुकलं नव्हतं?”

“नाही.”

त्यांनी फोन काढून नंबर लावला आणि त्याच्यापुढे धरला. “हे त्यांना सांगा. माझं ऐकून पटायचं नाही त्यांना.”

फोनमधून थकलेला, उत्सुक आवाज आला, “काय गं, लागलं का?”

त्याने सांगितलं. आपण कोण, काय लिहिलं, कसं लिहिलं, सगळं. शेजारच्या टेबलावरचे लोक माना वर करून ऐकत होते.

“आठ दिवस नाही नाही ते बोललो हो मी तिला,” म्हातारा म्हणाला. “अडाणी म्हणालो. फोन द्या तिच्याकडे.”

त्याने फोन दिला. बाईंनी तो कानाला लावला आणि त्याच्याकडे पाठ करून कितीतरी वेळ नुसत्या ऐकत उभ्या राहिल्या.