बिनपात्याचा वस्तरा

वस्तऱ्यावरून पुसलेल्या फेसात एकही केस नव्हता. आबांचं तिकडे लक्षच नव्हतं. पक्षाघातानंतर त्यांचा उजवा हात खांद्यातून निघे आणि गालावर पोचेपर्यंत दोनदा वाट चुके. दवाखान्यातली व्यायामवाली बाई म्हणाली होती, “चांगला हात बांधा, दुबळ्याला कामाला लावा.” बाईच्या मनात वाटाणे निवडण्यासारखं काम होतं. आबांनी डावा हात पोटाशी बांधला आणि सरळ आपलं दाढीचं दुकान पुन्हा उघडलं.

अर्ध्या गावाचे पहिले केस त्यांनीच कापलेले. नाही कोण म्हणणार? शेवटी त्यांच्या पोरीने वस्तऱ्यातलं पातं गुपचूप काढून ठेवलं.

“कशी झाली?” आबा विचारत.

“लोण्यासारखी,” म्हणत गिऱ्हाईक तोंडाला टॉवेल लावून मागच्या गोठ्यात पळे. तिथे पोरगी खरी दाढी करी. गाय फेस चाटायला मान लांबवी.

“एका दाढीला दोनदा फेस,” पिठाच्या गिरणीवाला कुरकुरला. “किती दिवस चालायचं हे?”

“मी म्हणते, खुर्ची मला द्या. आबा म्हणतात, बघू. वर्ष झालं बघतायत. शेजारच्या गावातलं दुकान मला बोलावतंय, काका. तुम्हीच सांगा, गोठ्यात किती दिवस काढू?”

“तू गेलीस तर आम्ही दाढ्याच वाढवायच्या म्हण की.”

तेवढ्यात पुढे दुकानात, खुर्चीवरच्या गाडीवानाच्या ओल्या गालावरून आबांचा अंगठा घसरला आणि थांबला.

“टोचलं,” आबा म्हणाले.

“मला नाही टोचलं.”

“मला टोचलं. अंगठ्याला.”

त्या अंगठ्याला वर्षभर गरम-गार कळत नव्हतं. आबांनी तो पुन्हा गालावरून खालून वर फिरवला. चेहरा उजळला. मग हळूहळू पडला. त्यांनी वस्तरा उजेडात धरून पाहिला. गाडीवान टॉवेल घेऊन उठू लागला.

“बस खाली.”

भिंतीला धरत आबा गोठ्यात आले. तिघे फेसाळलेले रांगेत उभे होते. पोरीचा वस्तरा गिरणीवाल्याच्या गालावर थबकला.

“गाय बघायला आलो होतो, आबा,” गिरणीवाला म्हणाला. “चांगली आहे गाय.”

 पोरीच्या वस्तऱ्याने फेसात सोडलेली रेघ आबांनी निरखून पाहिली. सरळ होती. फक्त कानाजवळची कातडी सैल पडत होती. त्यांनी उजवा हात उचलला. तो एकदा गायीच्या शिंगाकडे गेला, मग वळला. अंगठा कानाखाली टेकला आणि कातडी ताणली गेली.

“चालव,” ते म्हणाले. “गाल मी धरतो. उद्यापासून पुढची खुर्ची तुझी.”