छतातला जोड आणि देव्हाऱ्यातले दिवे

स्वयंपाकघरातला दिवा पंधरवडाभर नुसता डोळे मिचकावत होता. श्यूए-चिनकाकूंनी बल्ब बदलून पाहिला, बटण बदलून घेतलं, तरी ये रे माझ्या मागल्या. शेवटी पुतण्याला, आ-हूंगला, बोलावलं. तो इथेच, ताइनान शहरात, वायरमन. धंदा शिकला तो काकूंच्या नवऱ्याच्या, म्हणजे कैलासवासी ह्वो-थूकाकांच्या हाताखाली.

आ-हूंग शिडीवर चढला, छताच्या फळीला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"काकू, वरचा जोड ढिला झालाय. चांगलाच तापलाय. लाकडी छत आहे, आजच उघडायला हवं. मेन बंद करतो."

"मेन बंद? आणि देव्हाऱ्यातले दिवे?"

देव्हाऱ्यातले लाल दिवे त्याच वायरीवर होते. काकांनीच जोडलेले, आणि कुणी चुकूनही विझवू नयेत म्हणून मुद्दाम बटणच न ठेवलेले. देव्हाऱ्यातल्या, पितरांची नावं लिहिलेल्या लाकडी पाटीवर आता काकांचंही नाव होतं. वादळात वीज जाते ती गोष्ट वेगळी. पण आपल्या हाताने त्यांना अंधारात ठेवायचं, हे काकूंना पटेना.

"त्यांना विचारते," त्या म्हणाल्या. उदबत्ती लावून त्यांनी चंद्रकोरीसारखे, एका बाजूने सपाट असे दोन लाकडी ठोकळे ओंजळीत घेतले. एक उताणा, एक पालथा पडला की होकार. दोन्ही पालथे म्हणजे नकार. दोन्ही उताणे पडले तर वरची मंडळी नुसती हसताहेत.

दोन्ही पालथे पडले. पुन्हा टाकले. पुन्हा पालथेच.

"बघ, नको म्हणताहेत."

"मग असं विचारा, घर जळालं तर चालेल का?"

"मेल्या, तोंड सांभाळ!"

तेवढ्यात वर चर्र झालं आणि जळका वास आला. काकू पाटीकडे वळल्या. "अहो, सगळा संसार तुमच्या शब्दावर केला. आज नाही ऐकायची." आणि तरातरा जाऊन त्यांनी स्वतःच मेन पाडला. लाल दिवे विझले. काकूंना रडूच कोसळलं, पण हातातलं काम सोडून रडत बसणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. त्यांनी बॅटरी घेतली आणि शिडीखाली उभ्या राहिल्या. नवऱ्यासाठीही अशीच बॅटरी धरत आल्या होत्या.

आ-हूंगने फळी काढली आणि चटकन जोडावर हात आडवा धरला.

"काय रे?"

"काही नाही. उंदरांनी कुरतडलंय."

"आमच्याकडे उंदीर? सरक बाजूला." काकूंनी बॅटरीचा झोत वर मारला. दोन तारा नुसत्या पिळलेल्या, वर टेपचा एक वेढा, तोही करपलेला. असला जोड आ-हूंगने केला असता तर काकांनी पकडीने त्याच्या बोटांवर हाणलं असतं.

काकू बघतच राहिल्या. मग ताडताड देव्हाऱ्यापाशी गेल्या.

"म्हणून नको नको चाललं होतं होय! गल्लीतल्या घराघरांतले जोड पक्के केलेत, आणि आपल्या घरचा तेवढा उद्यावर टाकलात! आणि पुतण्यासमोर उघडं पडायची लाज!"

आ-हूंगने नवा जोड केला, नीट, काकांनी शिकवला होता तसा. काकूंनी ठोकळे उचलले आणि अंधारातच विचारलं, "रागावलात का हो?"

ठोकळे पडले. बॅटरी धरून पाहिलं तर दोन्ही उताणे.

"हसा, हसा आता," डोळे पुसत काकू म्हणाल्या. "आ-हूंग, मेन चालू कर रे."