चाळीसपैकी चाळीस

डेपोतल्या प्रशिक्षणाच्या खोलीत बारा ड्रायव्हर माना खाली घालून पेन्सिलीने खुणा करून गेले होते. 'राग आला तरी मी चेहऱ्यावर दिसू देत नाही.' एक ते सात. असे चाळीस प्रश्न. पंधरा दिवसांपूर्वी हीच प्रश्नावली त्यांनीच भरली होती. तीच माणसं, तेच प्रश्न, मग उत्तरंही जुळतात का, हे चाचणी घेणाऱ्या मॅडमना तपासायचं होतं; मी त्यांची मदतनीस. दुसऱ्या फेरीत ज्याचे गुण जास्त, त्याला शाळेची बस. उरलेले आम्हा स्टाफच्या बसवर. माझी भाची शाळेच्या त्याच बसने जाते, म्हणून मी डोळ्यांत तेल घालून कागद जुळवत बसले.

सकाळी बायकोशी वाजलं की सहाचे चार होतातच. अकरा जणांचे झालेही होते. बर्फाचं मात्र चाळीसपैकी चाळीस. डेपोत त्याला सगळे बर्फच म्हणत. आणि मधल्या पंधरा दिवसांत त्याचा धाकटा भाऊ गेला होता.

"मॅडम, एखाद्याची सगळीच्या सगळी जुळली तर?"

"तर हार घालू त्याला!"

"मधे घरात कोणी गेलं असलं तरी?"

"तरीही. मुलांच्या बसला असाच थंड डोक्याचा माणूस हवा."

मॅडम चहाला गेल्या. भावाच्या जाण्यानेही न हललेला माणूस मला भाचीच्या बसवर नको होता. मी रबर घेतला आणि बर्फाच्या दुसऱ्या कागदावरच्या पाच ठिकाणी साताचे दोन केले. लबाडीच ती, पण त्या वेळी मला अगदी किरकोळ वाटली. गुण घसरले, बर्फ यादीबाहेर.

एकच विसरले. तपासलेला कागद ज्याचा त्याला दाखवून सही घ्यायची, हा मॅडमचा शिरस्ता.

दुपारी बर्फाने कागद सावकाश वाचला. "ताई, नववा, चौदावा, बाविसावा, तिसावा, एकोणचाळिसावा. इथे मी सात केलं होतं."

"विसरला असाल, दादा."

"असेल." तो हसला, वळणदार सही केली, पेनाला टोपण लावून परत दिलं.

"राग नाही ना आला?" माझ्या तोंडून निसटलं.

"छे हो! उद्यापासून स्टाफची बस. तुम्हाला घरी सोडायला मीच." दारापर्यंत जाऊन तो वळला. "शेवटच्या स्टॉपला तुम्ही एकट्याच उतरता ना?"

मी मान डोलावली. खोटं सुचेपर्यंत तो गेलाही होता.