उपरण्याखालचा सौदा

आमचे हे अंबडच्या कारखान्यात सुपरवायझर. तिथं प्रत्येक मालावर चिठ्ठी लागते, म्हणून घरच्या माणसांवरही लावायची सवय. सत्त्याण्णव साली ती माझ्या सासऱ्यांवर लागली.

सासरे, भिमाजी, जन्मभर बैलबाजारातले दलाल. सासूबाई गेल्या आणि मांडीवर उपरणं टाकून त्याखाली ते एकटेच बोटं हलवू लागले. ह्यांनी ठरवलं, आबांचं डोकं फिरलं. दिवसभर त्यांच्याजवळ मी असते, पण मला कोण विचारतो? गेलो मानसोपचार डॉक्टरांकडे.

डॉक्टर तरुण, गोड बोलणारे. "लोक तुमच्याविरुद्ध गुपचूप खुणा करतात, असं वाटतं का?"

"वाटतं काय? करत्यातच. दर बाजारी," मामंजी म्हणाले. "बोटानं. कपड्याखाली. कोणाला दिसत नाय."

"आणि फसवतात?"

"लय. सगळे मिळून."

डॉक्टर भराभर लिहू लागले. एकदा माणूस वेडा ठरला की त्याचं खरं बोलणंही वेडात जमा. "ॲडमिट करू," ते म्हणाले आणि ह्यांनी मान डोलावली. मला संताप आला.

मी मामंजींचं उपरणं ओढून डॉक्टरांच्या हातावर टाकलं. "मामंजी, डॉक्टरांना एक बैल विका."

मामंजींनी उपरण्याखाली हात घालून डॉक्टरांची बोटं दाबली. "हा झाला भाव. शेजारच्याला कळू नाय म्हणून असा सांगायचा."

डॉक्टर हसले. "धंदा कोणता, हे मी विचारलंच नाही. पण घरी कोणाशी सौदा करता?"

मामंजींनी उपरणं परत आपल्या मांडीवर घेतलं. "सखूशी. बायकोशी माझ्या. बाजारात शेजारी बसायची. पक्कं करायच्या आधी पदराखाली तिला इचारायचो."

डॉक्टरांचा हात पेनाकडे गेला.

"त्या आता नाहीत, ठाऊक आहे ना?"

"मीच अग्नी दिला तिला. ठाऊक हाय की. पण सवय कुठं मरती?"

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. "ॲडमिट नको. अधूनमधून गप्पा मारायला या."

परतताना रिक्षात ह्यांनी हळूच मामंजींच्या उपरण्याखाली हात घातला. बराच वेळ कापडाखाली दोघांची बोटं हलत होती. ह्यांचे डोळे भरले होते, मामंजी मात्र मिशीत हसत होते.

"मामंजी काय म्हणाले?" मी घरी विचारलं.

"सौद्यातलं बाहेर सांगायचं नसतं," हे म्हणाले.