दोन वर्गांमधली घडीची भिंत

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी भिंत आहे. खऱ्या भिंती मला हसतात, कारण मला घड्या पडतात. माझ्या उंच फळ्या बिजागऱ्यांनी एकमेकींना जोडलेल्या आहेत. ओढलं की मी पसरते आणि एका लांबलचक खोलीच्या दोन खोल्या होतात. ढकललं की निमूटपणे कोपऱ्यात जाऊन उभी राहते. शाळेतली मोठी माणसं मला पार्टिशन म्हणतात, पण मी स्वतःला भिंतच समजते. तेवढा मान मला घेऊ द्या.

माझा जन्म याच सरकारी शाळेच्या आवारात झाला. वर्ग दोन होते आणि खोली एकच होती. नवी खोली काही मिळेना, म्हणून एका सुताराला बोलावलं. माणूस कामाला पक्का होता. रंधा मारून झाला की माझ्यावरून तळहात फिरवायचा आणि मदतनिसाला सांगायचा, "पोरांच्या हाताला लाकूड टोचलं तर मला चालायचं नाही." आजवर माझ्यामुळे एकाही मुलाच्या बोटाला इजा झालेली नाही, याचा मला अभिमान आहे.

ती वर्षं माझ्या सुखाची होती. माझ्या अलीकडे तिसरीचा वर्ग आणि तिथे बाई, पलीकडे चौथीचा वर्ग आणि तिथे सर. बाई कविता म्हणून घेत, सर पाढे म्हणून घेत, आणि दोन्ही एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मी मध्ये पाय रोवून उभी असे. अगदीच काही गळत नव्हतं असं नाही. सरांचा आवाज खणखणीत होता. त्यामुळे तिसरीची मुलं चौथीत जाण्याआधीच त्यांचे सगळे विनोद ऐकून बसलेली असत. पुढच्या वर्षी सर विनोद सांगायला तोंड उघडत आणि वर्ग आधीच हसून मोकळा होई. सर बिचारे बुचकळ्यात पडत.

मग सर निवृत्त झाले. त्यांच्या जागी कोणी तरी येईल म्हणून बाईंनी वाट पाहिली, अर्ज केले, शिक्षण खात्याच्या कचेरीत खेटे घातले. कोणी आलं नाही. चौथीच्या मुलांना वाऱ्यावर सोडायचं नाही असं बाईंनी ठरवलं. एका सकाळी त्यांनी मला अर्धं उघडलं आणि त्या फटीत त्या स्वतः उभ्या राहिल्या. तिसरीला गणित लिहायला घालायचं, वळून चौथीला धडा समजावायचा, पुन्हा वळायचं. चौथीतल्या हुशार मुलांना त्या आळीपाळीने फळ्यापाशी उभं करत आणि त्यांच्याकडून इतरांना शिकवून घेत. वर मतदारयाद्या आणि जनगणनाही बाईंच्याच माथी. त्या दिवसांत तर मुलंच मुलांना सांभाळत.

एकदा कचेरीतले मोठे साहेब आले. बाईंना फटीत उभं राहून दोन्हीकडे शिकवताना पाहून ते थक्क झाले. फोटो काढला गेला. बाईंना प्रशस्तिपत्र मिळालं आणि फोटो कचेरीच्या भिंतीवर लागला. त्यात मीही होते, म्हणजे माझा अर्धा भाग होता. मी तर हरखून गेले. एवढ्या वर्षांत माझा फोटो कोणी काढला होता?

पण फोटो लागला आणि बाईंच्या अर्जांना उत्तरं यायची बंद झाली. तुमचं छान चाललंय की, एवढंच लोक म्हणू लागले. आईवडिलांना मात्र छान वाटत नव्हतं. जवळच खासगी शाळा निघाली होती, तिची पिवळी बस दारापर्यंत यायची. एकेक मूल दाखला घेऊन गेलं. शेवटी कचेरीतून पत्र आलं. पट आणखी एकाने जरी घटला, तरी ही शाळा बंद होऊन हमरस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेला जोडली जाणार होती. त्या रस्त्यावर दिवसभर ट्रक धावतात. एवढीशी पोरं तो कसा ओलांडणार, या विचाराने बाईंची झोप उडाली.

आणि नेमके त्याच आठवड्यात एका मुलीचे वडील दाखला मागायला आले. ते एसटीची बस चालवतात. त्यांच्या मुलीला घरी सगळे घुमी म्हणतात, कारण ती घरात फारशी बोलतच नाही. वडील रात्रपाळी करून दिवसा झोपतात, मग बोलणार तरी कधी?

"बाई, तुमच्याबद्दल माझी तक्रार नाही," ते म्हणाले. "पण दोन वर्गांना मिळून तुम्ही एकट्या. माझ्या पोरीच्या वाट्याला अर्धी बाई येते. तिकडे पूर्ण येईल."

बाईंना ते लागलं. पण त्या चिडल्या नाहीत. "बरोबर आहे तुमचं. फक्त तासभर बसून बघा आणि मग दाखला घेऊन जा."

त्यांनी ड्रायव्हरसाहेबांना तिसरीच्या बाजूला, माझ्या आडोशाला एका बुटक्या बाकावर बसवलं. त्यांचे गुडघे हनुवटीला लागत होते आणि तिसरीची पोरं तोंड दाबून हसत होती. माझ्या पलीकडून चौथीचा आवाज येऊ लागला. एक मुलगी भागाकार समजावत होती.

"घाई करू नकोस. आधी किती वेळा जातं ते बघ. चुकलं तर पुसू की, त्यात काय?"

ड्रायव्हर कान देऊन ऐकत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारलं, "बाई, कोणाची हो ही?"

"तुमची," बाई म्हणाल्या.

त्यांनी रुमालाने तोंड पुसलं. आता हे दाखल्याचं नाव काढणार नाहीत, असं मला वाटलं आणि मी मनातल्या मनात जिंकलेसुद्धा. पण ते उठले आणि म्हणाले, "पोर चांगली शिकवते. पण मग तिला कोण शिकवतं?"

मी ज्या फोटोवर इतकी वर्षं फुशारले होते, तो पाहताना हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. मला फार लाज वाटली.

"हेच मी वर लिहून विचारतेय," बाई म्हणाल्या. "माझ्या एकटीचं कोण ऐकतंय?"

"मग एकट्या कशाला विचारता?"

दाखला तसाच राहिला. ड्रायव्हरांनी घरोघरी जाऊन पालक गोळा केले. कोणी शिंपी, कोणी भाजीवाली, कोणी नर्स. कामाला सुट्टी टाकून सगळे कचेरीत गेले. साहेबांनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं आणि ते कौतुकाने म्हणाले, "तुमची शाळा तर इतरांना उदाहरण आहे."

"फोटो झकास आहे साहेब," ड्रायव्हर म्हणाले. "आता एकदा येऊन वर्गही बघा."

साहेब आले. त्या सकाळी ते यायच्या आधी पालकांनी मला धरलं. सर गेल्यापासून मी पुरती पसरले नव्हते. माझ्या बिजागऱ्या गंजल्या होत्या, खालची चाकं धुळीने जाम झाली होती. ड्रायव्हरांनी गॅरेजमधून ग्रीस आणलं होतं. ओढताना मी अशी किंचाळले की तिसरीने कानांत बोटं घातली. पण मी हटले नाही. एक एक फळी उलगडत मी पलीकडच्या भिंतीला जाऊन भिडले आणि फट बुजली.

बाई तिसरीच्या बाजूला शिकवू लागल्या. साहेब चौथीच्या दाराने आत आले. मुलं शहाण्यासारखी बसली होती, पुस्तकं उघडी होती, आणि समोर कोणीच नव्हतं. साहेबांनी बाईंना शोधायला इकडे तिकडे पाहिलं. सगळीकडे मीच होते.

घुमी उठली. फळ्यापाशी जाऊन तिने खडू उचलला आणि साहेबांपुढे धरला.

"सर, आमचा भागाकार झालाय," ती म्हणाली. "अपूर्णांक मलाही येत नाहीत. पुढचं तुम्ही घ्या."

साहेबांनी खडू घेतला. पालक दारातून बघत होते. साहेबांनी अंगातला कोट काढून खुर्चीवर ठेवला आणि ते फळ्याकडे वळले. त्या दिवशीचे अपूर्णांक त्यांनीच शिकवले, दोनदा चुकून, दोनदा पुसून.

शाळा बंद करायचं पत्र आता मागे घेतलं आहे. नव्या शिक्षकाचा हुकूम मात्र अजून निघायचा आहे, आणि तो निघेपर्यंत पालक दर आठवड्याला कचेरीत जाणार आहेत. जाण्याआधी ते मला ओढून बंद करून जातात, म्हणजे चौथीपुढची रिकामी खुर्ची झाकली जात नाही. मित्रांनो, मला रंग लावू नका, माझा फोटोही काढू नका. मला बंद करा, आणि माझ्या दोन्ही बाजूंना कोणी तरी शिकवायला उभं आहे ना, तेवढं बघा.