दहा वर्षांची बॅटरी

"गाडी अजून किती दिवस चालवायचीय, अप्पा?" वृषभने विचारले आणि शंकरप्पांच्या तोंडचे पाणी पळाले.

प्रश्न साधाच होता. बॅटऱ्या विकणाऱ्याने दुसरे विचारायचे तरी काय? पण दुकानाच्या दारात मोटार उभी होती, तिची काच खाली होती आणि मागच्या सीटवर त्यांची बायको नीलम्मा बसली होती. तिचे हृदय थकले होते, कान मात्र तिखट होते.

कळंब्याजवळची ऊसरोपांची नर्सरी नावाला शंकरप्पांची, चालवायची नीलम्मा. चार पावलांत तिला धाप लागू लागली, तेव्हा शंकरप्पांनी पन्हाळ्याच्या एका बंद पडलेल्या रिसॉर्टमधून जुनी गोल्फ कार्ट, बॅटरीवरची छोटी उघडी गाडी, आणली. त्यात बसून ती रोपांच्या ओळींमधून हिंडायची आणि एखादा ट्रे कोरडा दिसला की सगळ्यांची खरडपट्टी काढायची. अक्काचं इमान उडत आलं, असे म्हणत कामाच्या बायका पदर खोचायच्या. मागच्या आठवड्यात कार्टच्या बॅटऱ्यांनी मान टाकली आणि घरात अडकलेल्या नीलम्माचे जेवणच तुटले.

आता वृषभ सांगत होता, आसिडच्या बॅटऱ्या घेतल्या तर जुनाच चार्जर चालेल, पण दोनेक वर्षांत त्या बदलाव्या लागतील. लिथियमच्या दहा वर्षे बघायला नकोत, फक्त त्यांना चार्जर त्यांचाच हवा.

शंकरप्पा दोन्हींकडे आळीपाळीने बघत राहिले. डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितले होते की वर्ष निघाले तरी खूप. त्यांनी घरी येऊन नीलम्माला सांगितले, दिवाळीपर्यंत तू पायांनी हिंडशील. आता दहा वर्षांची बॅटरी घ्यावी, तर पायांनी हिंडणारीला ती कशाला? आणि दोन वर्षांची घ्यावी, तर आपल्याच हाताने तिचे दिवस मोजून दिल्यासारखे होणार. आपणच रचलेल्या थापेत माणूस असा अडकला होता.

"मधलं काय न्हाय?" त्यांनी हळूच विचारले.

वृषभ हसला. मधले काही नसते म्हणाला.

"उद्या येतो," शंकरप्पा म्हणाले.

"उद्या कशाला?" मोटारीतून आवाज आला. "वृषभ, दहा वर्षांची दे. चार्जर पण तिचाच बांध."

शंकरप्पा खिडकीपाशी गेले. दिवाळीनंतर तुला गाडीची गरजच लागणार न्हाय, असे काहीतरी पुटपुटले. नीलम्माने त्यांना पुरते बोलू दिले. तिला राग आला नव्हता. तिला त्यांची कीव येत होती.

"अवो, डॉक्टरच्या दारातनं भाईर आलासा तवाच तुमच्या तोंडावर समदं दिसत हुतं," ती म्हणाली. "मला दोन वर्षांची बी जास्तच हाय. तुमचं गुडघं बघा की. मी गेल्यावर नर्सरीत हिंडणार कशानं?"

शंकरप्पांना रडू कोसळले. रस्त्यावरची माणसे बघत होती, पण त्यांना त्याचे भान नव्हते. इतक्या दिवसांत आपल्या गुडघ्यांचा विचार त्यांच्या मनाला शिवला नव्हता. तिच्यानंतर आपण हिंडणार आहोत, हेही त्यांनी गृहीत धरले नव्हते.

नीलम्माने वृषभला जवळ बोलावले आणि नवा चार्जर कसा लावायचा ते यांना नीट दाखव म्हणाली. वृषभने खिडकीपाशीच सगळे समजावून सांगितले.

"आता तुमी सांगा बघू," ती नवऱ्याला म्हणाली.

"बॅटरी पुरती उतरू द्यायची न्हाय," शंकरप्पा नाक पुसत म्हणाले. "चार्जर भिजू द्यायचा न्हाय. जुना हिला लावायचा न्हाय."

"आणि एकदा सांगा."

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.